बर्फानं उघडीप दिली आणि कोंडीराम गेला

आमची पलटण त्या हिवाळ्यात काश्मिरात होती. मी नायक होतो. पोस्टचं नाव लिहीत नाय. पोस्ट अजून तिथंच आहे आणि आजही कुणाची तरी पोरं तिथं बसलेली आहेत. पोस्ट खिंडीखालच्या सोंडेवर. तिच्या खाली दुसरी, तिला आम्ही मिडल पोस्ट म्हणायचो. दोन्हींच्या मध्ये एक रुंद नाला. उन्हाळ्यात त्यातनं पाणी वाहतं. हिवाळ्यात तो बर्फानं भरतो आणि वरपासून खालपर्यंत नुसता पांढरा, गुळगुळीत उतार होतो. तो ओलांडल्याशिवाय खाली जाता येत नाय. एवढं ध्यानात ठेवा.

पोस्ट कमांडर होता हवालदार कोंडीराम. गाव कुडपण, तालुका पोलादपूर. माझ्या बायकोचा, शेवंतीचा, पाठचा भाऊ. माझं घर वरंधच्या खालच्या वाडीत. वयानं मी मोठा, हुद्द्यानं तो. मी सातवीतनं शाळा सोडली, तो दहावी पास, त्यात डोकं तल्लख, म्हणून पुढं गेला. सुट्टीत सासरी गेलो की तो माझ्या पाया पडायचा, "दाजी, बसा" म्हणून पाट मांडायचा. पोस्टवर मी त्याच्यापुढं सावधान उभा राहायचो. आम्हा दोघांनाही त्यात काय वावगं वाटत नव्हतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण सांगतो. या महिन्यात महाडची काही ट्रेकवाली पोरं-पोरी उत्तरेला बर्फातला डोंगर चढायला निघालीत. मला बोलावलं नारळ फोडायला. माजी सैनिक, दोन शब्द बोला म्हणाले. मी विचारलं, "बर्फावर पाय ठेवायच्या आधी काय बघणार?" एकानं हसत उत्तर दिलं, "काका, आम्ही सह्याद्रीतली पोरं. डोंगर आम्हाला शिकवू नका." टाळ्या पडल्या. मी नारळ टेबलावर ठेवला आणि चहा न घेता एसटी धरून घरी आलो.

हे वाक्य मी पूर्वी ऐकलंय. ज्याच्या तोंडून ऐकलं त्याला मी बर्फातनं उकरून काढलाय. पोरांनो, तुम्हाला भाषण पाहिजे होतं. आता हे वाचा.

पोस्टवरचं रोजचं काम म्हणजे फावडं. पहाटे उठलो की बंकरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा. मग स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी. मग सेंट्री ड्यूटी. मग परत फावडं. रेडिओवर सलीम होता. महाडचाच, त्याच्या बापाचा ट्रक होता. सलीम बर्फ काढता काढता म्हणायचा, "नायक साब, आमच्यात बर्फ फक्त मच्छीवर टाकतात. हितं आपणच मच्छी झालो."

हिवाळ्याच्या सुरुवातीला कॅप्टन साहेब वर आले. दक्षिणेकडचे, सपाट मुलखातले. बर्फाचा कोर्स करून आलेले. आल्या आल्या फावडं मागितलं आणि नाल्याच्या काठाला उतारात उभा खड्डा खणायला लागले. ऑफिसर खणतोय आणि आम्ही बघतोय. कोंडीराम मराठीत हळूच म्हणाला, "साहेब विहीर पाडतोय काय रे? पाणी लागलं तर आपलं काम वाचलं." सलीम फिसकन हसला. मीही हसलो.

साहेबांनी खड्ड्याची भिंत साफ केली. म्हणाले, देखो. बर्फात थर होते. वर नवा, मऊ. मध्ये घट्ट, पाटासारखा. सगळ्यात खाली साखरेसारखा रवाळ, हातात घेतला की बोटांतनं सांडणारा. साहेबांनी तो मुठीतनं सोडून दाखवला. "इसके ऊपर जो बैठा है, वो बैठा नहीं है. सिर्फ टिका हुआ है. थोड़ा वजन, थोड़ी धूप, और सब नीचे."

माझ्या लक्षात आलं. खळ्यात सांडलेल्या नाचणीवर पाट ठेवून त्यावर उभं राहा, काय होतं बघा. मी कोंडीरामला तसं सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, तुम्हाला नाचणीशिवाय काय दिसतच नाय."

दुसरी गोष्ट साहेबांनी परत परत सांगितली. "गिरते वक्त नहीं. रुकने के बाद." बर्फ पडत असतो तेव्हा माणूस आत बसलेला असतो. पडायचा थांबला, आभाळ साफ झालं, ऊन आलं की माणूस बाहेर निघतो. आणि नेमका तेव्हाच उतारावर नवा बोजा असतो. वाऱ्यानं पलीकडचा बर्फ उचलून अलीकडं आणून टाकलेला असतो, तो वेगळाच. त्यात ऊन तापलं की सुटलं. म्हणून बर्फ थांबला की लगेच निघायचं नाय, उतार तपासून, साहेबांना विचारूनच हलायचं. आम्ही म्हणालो, "जी साब."

म्हणालो, पण डोक्यात शिरलं नाय. का शिरलं नाय ते सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला ते कळायचं नाय, ते आमच्या लोकांनाच कळेल. आमच्याकडं डोंगर खाली येतो तो पावसात. आषाढात धो धो कोसळायला लागला, झऱ्याचं पाणी गढूळ झालं की म्हातारी माणसं म्हणतात, आज डोंगराखाली कोण झोपू नका. पोराबाळांना घेऊन रात्र दुसरीकडं काढायची. मग पाऊस उघडीप देतो. उघडीप झाली की गुरं सुटतात, बाया कुंपणावर कपडे टाकतात, माणसं घाटाला लागतात. पाऊस म्हणजे भीती आणि उघडीप म्हणजे सुटलो, हे आमच्या हाडात आहे. आम्ही आभाळ बघून पाऊल टाकणारी माणसं. बर्फात हे सगळं उलटं. बर्फात मारते ती उघडीपच.

उताराला पाय लावायच्या आधी कमरेला लांब लाल दोरी बांधायची आणि ती मागं फरफटत सोडायची, हा हुकूम होता. माणूस गाडला गेला तरी दोरी हलकी, ती वर राहते. तिला धरून माणसापर्यंत पोचायचं. आता त्याजागी यंत्र आलंय, छातीला बांधायचं, माणूस कुठं गाडलाय ते सिग्नलनं सांगणारं. तेव्हा आमच्याकडं दोरीच होती.

शिमगा जवळ आला. कोंडीरामची सुट्टी मंजूर होती. कुडपणात ग्रामदेवीची पालखी निघते, ती नाचवणाऱ्यांत तो पुढच्या दांड्याला. कोकणातल्या माणसाला गणपतीला सुट्टी नाय मिळाली तर तो रडतो, शिमग्याला नाय मिळाली तर तो भांडतो. शेवंती आधीच माहेरी जाऊन बसली होती. भाऊ येणार म्हणून.

आणि बर्फ पडायला लागला. दिवसामागून दिवस, थांबायचं नाव नाय. कोंडीराम बंकरच्या तोंडाशी उभा राहून आभाळाला शिव्या द्यायचा. सामान बांधून तयार. आईसाठी शाल, बहिणीसाठी अक्रोड. सलीम त्याला चिडवायचा, "हवालदार साब, पालखी इकडंच मागवू काय? रेडिओवरनं सांगतो."

एका संध्याकाळी बर्फ थांबला. आम्ही तिघं वाट मोकळी करायला नाल्याच्या काठापर्यंत गेलो. कोंडीरामनं उतारावर एक पाय टाकला आणि खालनं आवाज आला. धप्प. माळ्यावर कोणी भाताचं पोतं टाकावं तसा. पायाखालचा बर्फ किंचित खचला आणि एक बारीक भेग आमच्यापासून वर पळत गेली. मी ऐकलं. सलीमनं ऐकलं. कोंडीरामनंही ऐकलं.

तो म्हणाला, "बसला."

मी म्हणालो, "काय बसला?"

"बर्फ बसला, दाजी. नवा बांध पहिल्या पावसात कसा बसतो? बसला की पक्का. आता काय भीती नाय."

शेताचा बांध. मातीचा. ह्या माणसानं बर्फाला मातीचा कायदा लावला. तो आवाज बर्फ पक्का झाल्याचा नसतो. आतला थर मोडल्याचा असतो. साहेबांनी हे पण सांगितलेलं होतं. धप्प झालं की मागं फिरायचं, विचार करत उभं राहायचं नाय.

सकाळी आभाळ असं निळं की डोळे दुखावेत. एक ढग नाय. वारा नाय. कोंडीराम बाहेर आला, हात वर करून आळस दिला आणि म्हणाला, "बघा. उघडीप."

सलीमनं सेट लावला. मी बाजूला उभा होतो. शब्द जसे झाले तसे लिहितो. टायगर म्हणजे खाली बेसवर असलेले साहेब, अल्फा म्हणजे आमची पोस्ट.

"टायगर फॉर अल्फा. ओवर."

"अल्फा, स्लोप का रिपोर्ट दो. ओवर." साहेबांचा आवाज.

कोंडीरामनं माउथपीस घेतला. "मौसम क्लिअर. स्लोप सेट. मूवमेंट की परमिशन. ओवर."

"कोई आवाज? कोई दरार? ओवर."

कोंडीरामनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. हो म्हण, अशी.

"निगेटिव. ओवर."

 मग साहेब म्हणाले, "ठीक है. धूप लगने से पहले क्रॉस करो. एक-एक करके. कॉर्ड बाँधके. कुछ भी आवाज आए, वापस. ओवर."

"रॉजर. आउट."

मी म्हणालो, "हवालदार, काल आवाज झाला. साहेबांना खोटं का सांगितलं?"

त्यानं माउथपीस सलीमकडं दिला. "दाजी, घरी तुम्ही दाजी. हितं मी हवालदार." जरा जास्त बोलल्यासारखं त्यालाही वाटलं असावं. हसला. खांद्यावर हात टाकला. "अहो, साहेब सपाटीवरचा. त्याला पुस्तकातला डोंगर माहीत. आपण सह्याद्रीतली पोरं. डोंगर आपल्याला शिकवू नका म्हणावं. आणि ताय वाट बघते तिकडं. तुमच्या वाटणीची पुरणपोळी पण मीच खाणार."

मी बोलायचं ते बोललो. हुकूम त्याचा होता. पोस्ट अशीच चालते आणि तशीच चालायला पाहिजे. म्हणून तर हुकूम देणाऱ्यावर माझा एवढा राग आहे.

साहेबांनी सांगितलेलं उन्हाच्या आधी. ह्यानं दाढी केली. घरी जायचं तर तोंड नीट पाहिजे. कपडे बदलले. अक्रोडाची पिशवी सोडून परत बांधली. आम्ही नाल्याच्या काठाला पोचलो तेव्हा वरच्या कड्यावर ऊन उतरलं होतं.

सलीम म्हणाला, "हवालदार साब, ऊन लागलं."

"लागू दे. उघडीपच ना?"

मी आणि सलीमनं लाल दोऱ्या कमरेला बांधल्या. आम्ही दोघं त्याला मिडल पोस्टवर सोडून रॉकेल घेऊन वर येणार होतो. कोंडीरामनं आपली दोरी हातात घेतली, मागं लोंबती धरून बघितली आणि म्हणाला, "शेपूट लावून शिमग्याला गेलो तर गाव म्हणेल सोंग आलं." गोळा करून कोटाच्या खिशात कोंबली. सलीम हसला. मी हसलो नाय. मी म्हणालो, "कोंड्या, दोरी बांध." पोस्टवर मी त्याला कोंड्या कधी म्हटलं नव्हतं. त्याला ऐकू गेलं. हात केला आणि निघाला.

पहिला तो. आम्ही काठावर. एक पलीकडं पोचल्याशिवाय दुसऱ्यानं पाय टाकायचा नाय, एवढा एक हुकूम त्यानं पाळला, म्हणून मी आणि सलीम आज आहोत. तो भराभर चालला होता. मध्यावर पोचला. वळून काहीतरी ओरडला, शिमग्याला ओरडतात तसं. तेवढ्यात वरनं आवाज आला. परत तेच, धप्प, पण आता सगळ्या डोंगरातनं. त्याच्या वर, पार वरपर्यंत, एक आडवी रेघ उमटली. कोणी सुरीनं कापल्यासारखी. आणि उतार निघाला. अख्खाच. मी नाचणीवरचा पाट म्हणालो होतो, तसाच. कोंडीराम आधी त्याच्यावर उभा दिसला. मग आडवा झाला. मग फक्त पांढरं.

थांबल्यावर एवढी शांतता होती की सलीमचा श्वास मला ऐकू येत होता.

"टायगर फॉर अल्फा. हवालदार साब दब गया. हवालदार साब दब गया. ओवर." सलीम ओरडत होता.

"आखिरी बार कहाँ देखा? वो जगह मार्क करो. एक आदमी ऊपर नजर रखे, बर्फ फिर से गिर सकती है. बाकी नीचे खोजो. कॉर्ड देखो, लाल कॉर्ड. ओवर."

सलीमनं माझ्याकडं बघितलं. मी सेट घेतला. "कॉर्ड नहीं बाँधी, साब. ओवर."

 साहेब फक्त म्हणाले, "रॉड लगाओ. जल्दी."

बर्फात गाडलेल्या माणसाकडं वेळ फार थोडा असतो. पाव तासाच्या आत काढलात तर बहुतेक जगतो. पुढं आशा झपाट्यानं कमी होते. आत त्याच्या श्वासाचंच बर्फ होऊन तोंड बंद होतं. आणि थांबलेला बर्फ मऊ राहत नाय, सिमेंट होतो. त्यात बोट हलत नाय. दोरी असती तर ती पाव तासात मिळाली असती. आम्ही पोस्टवर मागं राहिलेल्या दोघा जवानांना बोलावलं, एकाला वर नजर ठेवायला उभा केला, आणि लोखंडी रॉड खुपसत चाललो. खुपस, काढ, पाऊल, खुपस. मिडल पोस्टची माणसं पलीकडनं आली. ऊन चांगलं तापलं होतं. माझ्या अंगातनं घाम वाहत होता. असलं सुंदर हवामान मी आयुष्यात बघितलं नाय.

दुपार व्हायला आली तेव्हा सलीमच्या रॉडला मऊ लागलं. "हितं! हितं!" हातांनी, फावड्यानं, जे मिळेल त्यानं उकरलं. तो बसल्यासारखा होता, गुडघे पोटाशी. तोंड बर्फानं भरलेलं. दाढी गुळगुळीत. खिशात लाल दोरीचा गोळा, कोरडा. सलीम त्याच्या छातीवर दाबत राहिला. साहेब खालनं पोचले, त्यांनी त्याला हात धरून थांबवलं तेव्हा थांबला.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "आवाज हुआ था?"

"हुआ था, साब. कल शाम."

त्यांनी गॉगल काढला. पुसला. परत घातला. कोंडीरामबद्दल एक वाईट शब्द बोलले नाय. वर कळवताना त्यांनी खराब मौसम म्हणून कळवलं. मी विचारलं, का? ते म्हणाले, "गाँव में उसका नाम साफ रहना चाहिए, नायक." साहेब चांगला माणूस होता. त्यानं विचारायचे ते प्रश्न बरोबर विचारले, त्याला उत्तर खोटं मिळालं. पण ही एक गोष्ट त्यानं चुकीची केली, आणि दया म्हणून केलेली चूक सगळ्यात जास्त टिकते.

कारण आता कुडपणात दर वर्षी कार्यक्रम होतो. पाहुणा येतो. फेटा बांधतो. माइक धरतो आणि सांगतो की भयंकर हिमवादळाशी झुंज देताना आपला वीर धारातीर्थी पडला. कसलं वादळ? कोणाचं वादळ? शर्ट काढून बसावं असं ऊन होतं! मी एकदा उठून सांगितलं. मला हाताला धरून खाली बसवलं, "बाबा, आज नको" म्हणाले. मग कधी? तुमच्या त्या वादळाच्या गोष्टीनं पोरांना वाटतं, वादळ नसलं की झालं. मोबाइलवर सूर्याचं चित्र बघतात आणि बॅगा भरतात. वीर म्हणा, मी नाय म्हणत नाय, तो भित्रा नव्हताच. पण तो शत्रूच्या गोळीनं गेला नाय आणि वादळानंही नाय. तो आपल्याला सगळं कळतं म्हणून गेला.

ट्रेकवाल्यांनो, तुम्ही शिकलेले आहात, तुमच्याकडं यंत्रं आहेत. मग ऐका. तिथं हिमस्खलनाचा इशारा निघतो, तो वाचा, आणि वाचून तरी पाळा. ताजा बर्फ पडल्यावर थांबा. तापलेल्या उताराखाली जाऊ नका, त्याच्या वर तर मुळीच नको. यंत्र, रॉड, फावडं प्रत्येकाच्या अंगावर पाहिजे, तंबूत नाय. एका वेळी एकच माणूस. धप्प ऐकलं की परत. तिकिटं काढलीत, सुट्टी संपते, फोटो राहिला, हे डोंगराला सांगू नका. कोंडीरामनं शिमगा सांगून बघितला. आणि सह्याद्रीचं नाव घेऊन बर्फात शिरू नका. सह्याद्री तुमचा आहे तो इथं, पोलादपुरात. तिकडं तुम्ही पहिलीतली पोरं आहात. मी पण पहिलीतलाच होतो, पण मला ते माहीत होतं.

मृतदेहाबरोबर मीच आलो. कुडपणात त्या वर्षी पालखी निघाली नाय. सगळं आटोपल्यावर शेवंती मला घेऊन घराच्या मागं गेली. तिथं लोकांचं रडणं कमी ऐकू येत होतं. तिनं मला एकच विचारलं.

"वादळ होतं म्हणतात. होतं काय हो?"

"नाय. उघडीप होती."

"मग 'चला' कोण म्हणालं?"

मी खाली बघितलं. ती माझ्यापेक्षा हुशार. उत्तर तिला मिळालं.  मग भाऊ समोर उभा असावा तसं, लहानपणी त्याला झाडावरनं खाली हाकलायची त्या आवाजात म्हणाली, "मेल्या, शिमगा पुढच्या वर्षी येणार नव्हता काय रे?"

आणि तोंडावर हात ठेवला. आमच्याकडची प्रत्येक बहीण भावाला दिवसातनं दहा वेळा मेल्या म्हणते. त्यानंतर तिनं तो शब्द कोणासाठी वापरला नाय. स्वतःच्या पोरांनाही नाय.

पण राग तिनं सोडला नाय, आणि मीही नाय. दर शिमग्याला पुरण शिजत असताना ती चुलीपाशी बसून त्याला झापायची. दोरी बांधायला काय झालं होतं? दाजी सांगत होते ना? साहेब विचारत होता ना? मी ओट्यावरनं भर घालायचो. दोघं मिळून त्याला असं खडसवायचो, जसं काय तो आत्ता दारातनं पिशवी घेऊन येणार आहे आणि मान खाली घालून ऐकून घेणार आहे. मग ती त्याच्या वाटणीची पोळी बाजूला काढायची.

शेवंती गेल्या भादव्यात गेली. छातीच्या दुखण्यानं. परवा शिमगा झाला. पोळ्या सुनेनं केल्या, चांगल्या केल्या. चुलीपाशी कोणी भांडलं नाय. सुनेला कोंडीराम म्हणजे भिंतीवरचा फोटो. तिनं फोटोला हार घातला आणि हात जोडले. मी बघत बसलो.

हवालदार कोंडीराम, राहणार कुडपण. देखणा होता. पालखीच्या पुढच्या दांड्याला त्याच्यासारखा नाचणारा परत झाला नाय. माझ्या पाया पडायचा आणि माझं ऐकायचा नाय. त्याला हार घालणारं सगळं गाव आहे. त्याच्यावर रागावणारा आता मी एकटाच उरलोय.